लहान पोरांचे दात किडू नयेत म्हणून घरी काय करायचं आणि किडलेच तर कुठून सुरुवात करायची

मोठी लेक साडेचार वर्षांची होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आईसोबत मामाच्या गावी गेली होती, पंधरा दिवस सांजोऱ्या, आमरस, दुपारी बर्फाचा गोळा, संध्याकाळी परत गोळा असं सगळं मजेत चाललेलं, आणि एका रात्री अकराला बायकोचा फोन आला की पोरगी गाल धरून रडतेय, गाल सुजलाय आणि अंगपण गरम लागतंय. मी अमळनेरहून तसाच बाईकवर निघालो. दुसऱ्या दिवशी डेंटिस्टनं एक्सरे काढून दाखवला, खालच्या दोन दाढा पार आतल्या नसेपर्यंत किडलेल्या. नंतर दोन महिने धुळ्याच्या आणि जळगावच्या चकरा, दोन दाढांचं रूट कॅनॉल आणि कॅप धरून साडेनऊ हजार रुपये, आणि पोरीनं जे सोसलं ते वेगळंच.

तेव्हा धाकटा सहा महिन्यांचा होता, त्याचा पहिला दात नुकताच दिसायला लागला होता. आज तो पाच वर्षांचा आहे आणि त्याचा एकही दात किडलेला नाही. घर तेच, आजी तीच, सणवार तेच. मी डॉक्टर नाही, पण त्या दोन महिन्यांत डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं आणि पाच वर्षं घरी करून बघितलं ते क्रमानं लिहितो, म्हणजे तुमच्या पोराला त्या खुर्चीत रडत बसावं लागणार नाही.

१) "दुधाचेच दात आहेत, पडतील" हे आधी डोक्यातून काढा

आमच्याकडं लेकीच्या पुढच्या दातांवर दुसऱ्याच वर्षी तपकिरी डाग दिसले होते. माझी आई म्हणाली, "दुधनाच दात शेतस ना, पडी जातीन." एका दवाखान्यात दाखवलं तर तिथंही हेच ऐकलं, मग आम्हीपण निवांत झालो. आईची यात काही चूक नाही, तिच्या काळात सगळे हेच म्हणायचे.

पण हिशोब असा आहे. दुधाचे दात एकूण २०. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येऊन जातात. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेली दाढ अजून सहा-सात वर्षं वापरायची असते, त्याच दाढेनं भाकरी चावायची असते. शिवाय तिच्या मुळाखालीच पक्का दात तयार होत असतो, वर पू झाला तर खालच्या दातालासुद्धा धक्का बसू शकतो. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली तर बाजूचे दात त्या जागेत सरकतात, पक्क्या दाताला जागाच उरत नाही आणि मग तो वाकडा येतो किंवा अडकून बसतो.

२) कीड लागते कशी ते एकदा समजून घ्या

दातात अळी नसते. कानात धूर देऊन किंवा कसला तरी पाला लावून दाढेतली अळी काढून देणारे अजून बाजारात बसतात, त्यांच्याकडं पोराला नेऊ नका. तोंडात जे जंतू असतात त्यांना साखर मिळाली की ते अ‍ॅसिड तयार करतात, त्या अ‍ॅसिडनं दाताचं वरचं कडक कवच विरघळायला लागतं. खाल्ल्यानंतर साधारण अर्धा तास हे चालतं, मग लाळ हळूहळू ते अ‍ॅसिड मारते आणि कवचाची झीज थोडीफार भरूनपण काढते.

म्हणजे साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून कितीदा खाल्ली हे महत्त्वाचं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. जेवणात बसून दोन पुरणपोळ्या खाल्ल्या तर दातावर एकच मारा होतो, पण सकाळी चहात बुडवलेला टोस्ट, दहाला बिस्कीट, दुपारी चॉकलेट, चारला परत चहा-बिस्कीट, झोपताना साखरेचं दूध असं चाललं तर लाळेला उसंतच मिळत नाही. आमच्या लेकीचं अगदी हेच होतं, आणि आम्हाला वाटायचं पोरगी गोड फार खातच नाही!

जंतू मोठ्यांच्या तोंडातून पोरांच्या तोंडात जातात हेपण लक्षात ठेवा. घास चावून भरवणं, आपल्या तोंडातला चमचा पोराच्या तोंडात घालणं बंद करा, आणि स्वतःची किडलेली दाढ असेल तर ती आधी भरून घ्या.

३) रात्रीची दुधाची बाटली बंद करा

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळं बाटली तोंडात ठेवून पोरगं झोपलं की दूध रात्रभर वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. म्हणून बाटलीची कीड बहुतेक वरच्या पुढच्या चार दातांपासून सुरू होते, खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असल्यानं वाचतात. दुधात साखर असेल तर अजून वाईट. मध लावलेली चोखणीपण नको, वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध द्यायचाच नसतो.

एकदम बंद होत नाही. धाकट्याला आम्ही वाटीचमच्यावर लवकर आणलं होतं म्हणून त्रास झाला नाही, पण माझ्या बहिणीनं तिच्या पोऱ्याची बाटली अशी सोडवली की आधी साखर थांबवली, मग दर दोन-तीन दिवसांनी दुधात पाणी वाढवत नेलं, दोन-अडीच आठवड्यांत बाटलीत नुसतं पाणी उरलं, आणि मग त्यानं स्वतःच फेकून दिली. तीनचार रात्री रडारड होते, शेजारीपाजारी विचारतात, तेवढं सोसा. वर्षाच्या आसपास पेल्यानं प्यायची सवय लावून टाका.

अंगावरचं दूध बंद करा असं मी बिलकुल म्हणत नाहीये. फक्त दात आल्यावर रात्री पाजून झालं की ओल्या स्वच्छ कापडानं दात पुसून घ्या, आणि दिवसाचं शेवटचं ब्रश चुकवू नका.

४) घरात काय काय लागेल

फार काही लागत नाही.

- लहान डोक्याचा मऊ ब्रश. केस फाकले की बदला, नाहीतर तीन महिन्यांनी बदला.
- फ्लोराईड असलेली टूथपेस्ट. ट्यूबवर मागं बारीक अक्षरात फ्लोराईडचं प्रमाण किती पीपीएम ते लिहिलेलं असतं. आम्हाला हजारच्या आसपासची घ्यायला सांगितली होती. लहान मुलांच्या नावानं रंगीत गोड वासाच्या ज्या मिळतात त्यातल्या काहींत फ्लोराईड फार कमी किंवा अजिबात नसतं, म्हणून ट्यूबवरचं चित्र बघून घेऊ नका, मागचं वाचा.
- दात यायच्या आधी हिरड्या पुसायला मलमलचा स्वच्छ तुकडा.
- मोबाईलची बॅटरी, दात बघायला.

पेस्ट किती लावायची यात बहुतेक जण चुकतात, जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तसं नको. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं मटारच्या दाण्याएवढी, बस. इतकी थोडी पोटात गेली तरी काळजीचं कारण नाही, पण पोरं पेस्ट चाटून खातात म्हणून ट्यूब वर ठेवा.

तुमच्या गावाला बोरचं पाणी असेल तर ग्रामपंचायतीत पाणी तपासणीचा रिपोर्ट बघायला मागा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड नको. वर असेल तर पक्क्या दातांवर पांढरे-पिवळे पट्टे उठतात, तो वेगळा त्रास आहे. अशा वेळी पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय बघा आणि पेस्ट कुठली, किती हे डेंटिस्टला विचारून ठरवा.

लाल दंतमंजन, राख, मीठ-कोळसा हे पोरांना नको, खरखरीत असतं त्यानं कवच घासलं जातं. आणि घरात कुणी मशेरी लावत असेल तर पोरांसमोर तरी लावू नका. पोरं बघून तसंच करतात, आणि मशेरी म्हणजे तंबाखूच आहे.

५) ब्रश तुम्ही करायचं, पोरानं नाही

सात-आठ वर्षांपर्यंत पोरांच्या हाताला नीट वळण नसतं. स्वतःच्या शर्टाची बटणं भराभर लावता यायला लागली की मग ब्रश त्याच्या हातात द्या असं आम्हाला एका डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, मला ही खूण फार पटली. तोपर्यंत त्याला आधी हौस म्हणून करू द्या, मग तुम्ही करा.

पोराला पुढ्यात उभं करून ब्रश केलं तर तो मान फिरवतो आणि आतलं काही दिसत नाही. त्यापेक्षा खाली बसा, त्याचं डोकं मांडीवर घ्या, तोंड वर. एका हाताच्या बोटानं ओठ-गाल बाजूला धरा, दुसऱ्या हातानं हिरडीच्या कडेपासून बारीक गोल गोल घासा. बाहेरून, आतून, मग दाढांचा वरचा भाग. मागच्या दाढांना जास्त वेळ द्या कारण बहुतेक कीड तिथंच, खाचांत आणि दोन दाढांच्या फटीत. एकूण दोन मिनिटं. आमच्याकडं तेवढा वेळ आजी एक गाणं म्हणते, ते संपेपर्यंत तोंड उघडं ठेवायचं असा नियम आहे.

झाल्यावर थुंकायला सांगा, पण पाण्यानं खळखळून चूळ भरू देऊ नका. पेस्ट दातावर थोडी राहिली पाहिजे, तिचं खरं काम तेव्हाच होतं. हे आम्हाला सगळ्यात उशिरा कळलं.

सकाळचं ब्रश एखाद्या दिवशी गडबडीत राहिलं तर चालवून घ्या पण रात्रीचं चुकवायचं नाही. रात्रीच्या ब्रशनंतर तोंडात फक्त पाणी. दूध प्यायचं तर ब्रशच्या आधी. तापाचं, खोकल्याचं सिरप गोड असतं, ते रात्री द्यावं लागलं तर नंतर पाणी पाजा आणि दात पुसून घ्या. लग्नाहून रात्री बाराला आलात आणि पोरगं खांद्यावरच झोपलंय, तरी आडवं करून एक मिनिट तरी ब्रश फिरवा, पेस्ट नाही लावली तरी चालेल. आम्ही झोपेतपण केलंय, तो कूस बदलून परत झोपतो.

६) खाणं: बंद काहीच करायचं नाही, वेळ बांधायची

केळीबद्दल आमच्याकडं फार विचारतात, रावेर-यावलकडचे पाहुणे येताना घड घेऊनच येतात. नुसतं ताजं केळं जेवणाबरोबर खाल्लं तर काही बिघडत नाही. बिघडतं ते शिकरणीनं, म्हणजे दूध-केळं-साखर आणि तेही रात्री झोपताना. केळीचे वेफर्स खारट असले तरी चावून दाढांच्या खाचांत चिकटून बसतात, बिस्किटाचंही तसंच. पिठाचा लगदा चिकटला की त्याचीपण शेवटी साखर होते.

शाळेच्या डब्याला किंवा मधल्या वेळेला भाजलेले शेंगदाणे (अगदी लहानांना नको, ठसका लागतो), फुटाणे, काकडी, गाजर, भाकरी-लोणी, पेरू, मोसमात मेहरूणची बोरं. दादरची (आमच्याकडची ज्वारी) भाकरी चावायला लागली की लाळ सुटते आणि लाळ म्हणजे दातांचं घरचं औषधच. गोड द्यायचं तर जेवणाच्या ताटात द्या, मधेमधे नाही. यात्रेत, आमच्याकडं सखाराम महाराजांची यात्रा असते बोरी नदीच्या पात्रात, तिथं गोडशेव घ्या, गोळा घ्या, पण एका बैठकीत संपवा आणि वर पाणी पाजा. तीच गोडशेव पुढं आठ दिवस डब्यातून उठता-बसता चिमूटचिमूट खाल्ली जाते ना, खरं नुकसान ते करते. कानबाईच्या सणातल्या रोटांनाही हाच नियम लावा.

सुट्टीत मामाच्या गावी पाठवताना ब्रश-पेस्ट पिशवीत टाकताच, पण मामीला आणि आजीला फोन करून स्पष्ट सांगा की रात्री तुम्ही स्वतः करून द्या. आम्ही ते सांगितलं नव्हतं.

७) महिन्यातून एकदा ओठ उचलून बघा

मोबाईलची बॅटरी लावून वरचा ओठ उचला. हिरडीच्या कडेला खडूसारखी पांढरी रेघ किंवा ठिपका दिसला तर ती किडीची सुरुवात आहे आणि ही एकच वेळ अशी असते की फ्लोराईड आणि नीट ब्रशनं ती मागं फिरू शकते. तपकिरी-काळं झालं, खड्डा पडला, की घरी काही होत नाही, डेंटिस्टकडं जावंच लागतं. दाढांच्या खाचा, दोन दाढांची फट आणि हिरडीवर एखादी पुटकुळी आहे का तेपण बघा.

इथं एक मोठी फसगत होते. दुखत नाही म्हणजे ठीक आहे असं नसतं. दाढ दुखायची थांबते कारण आतली नस मेलेली असते, आणि हिरडीवरची पुटकुळी दुखत नाही कारण पू तिथून बाहेर येत असतो. आमच्या लेकीची दाढ आखाजीच्या दीड महिना आधी दोन दिवस दुखून थांबली होती, आम्ही म्हटलं बरं झालं.

८) कुठं जायचं, काय सोबत न्यायचं

खरं तर पहिला दात आला की किंवा पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा नुसतं दाखवून आणायचं असतं, आणि मग दर सहा महिन्यांनी. पोरगं दुखत नसताना गेलं तर त्याला भीती बसत नाही.

गावातला डेंटिस्ट तपासणीला चांगला. पण पोरगं लहान असेल, काम मोठं असेल तर लहान मुलांचे खास डेंटिस्ट असतात त्यांच्याकडं जा, त्यांना पेडो म्हणतात, बीडीएसनंतर तीन वर्षं पोरांच्याच दातांचं शिकलेले. पैशाची अडचण असेल तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दंत विभाग असतो. धुळ्यात एसीपीएम डेंटल कॉलेज आहे, कॉलेजला वेळ जास्त लागतो पण खर्च कमी येतो आणि वरिष्ठ डॉक्टर लक्ष ठेवून असतात. छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज आहे. सरकारी ठिकाणी ओपीडीला सकाळी लवकर पोचा, केस पेपरची रांग असते.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा आरबीएसकेची, म्हणजे २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला येते. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि किडलेले दात त्यांच्या तपासणीत येतात. त्यांनी पुढं पाठवायची चिठ्ठी दिली तर ती दप्तरात हरवू देऊ नका.

सोबत: पोराचं आणि एका पालकाचं आधार, रेशन कार्ड, लसीकरणाचं कार्ड, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, आधीचे एक्सरे. हृदयाचा त्रास, फिट, दमा, सिकलसेल, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, आधीच सांगा. नंदुरबार भागात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे, कार्ड असेल तर ते नेलंच पाहिजे.

शक्यतो सकाळची वेळ घ्या, पोरगं झोपून उठलेलं आणि खाल्लेलं असावं. आणि घरात कधीच "ऐकलं नाही तर डॉक्टर सुई टोचेल" असं म्हणू नका. आमच्या घरी पाहुणे म्हणायचे, ते वाक्य लेक खुर्चीत बसल्यावर मला बोलून दाखवत होती.

९) डॉक्टर काय काय सुचवतील

सुरुवातीची कीड असेल तर फ्लोराईड वार्निश, ब्रशनं लावतात, दोन मिनिटांचं काम, तीन ते सहा महिन्यांनी परत. खड्डा छोटा असेल तर फिलिंग. पोरगं फारच लहान असेल, बसतच नसेल तर एसडीएफ नावाचं चांदीचं औषध लावतात, कीड तिथंच थांबते पण तो भाग काळा पडतो तो कायमचा, हे आधी माहीत असू द्या नाहीतर घाबराल. नसेपर्यंत गेलं तर दुधाच्या दाढेचं रूट कॅनॉल आणि वर स्टीलची कॅप. दाढ काढावीच लागली तर जागा राखायला तारेचा स्पेस मेंटेनर लागेल का ते तुम्ही स्वतःहून विचारा. खर्च किती, किती बैठकांत, कॅप धरून की वेगळी, हे सुरू करायच्या आधी कागदावर लिहून मागा, त्यात संकोच करू नका.

भूल दिली असेल तर पुढचे दोनेक तास पोरावर नजर ठेवा. ओठ बधिर असतो, गंमत वाटते, पोरं ओठ चावत बसतात आणि संध्याकाळी तो सुजून जखम होते. आमचं हे बसमध्ये झालं, लेक खिडकीशी गप्प बसली होती म्हणून मी बघितलंच नाही. बधिरपणा जाईपर्यंत चावायचं काही देऊ नका.

मेडिकलमधून अँटिबायोटिक परत परत आणून देत बसू नका, सूज उतरते पण किडलेली दाढ तशीच असते, ती परत येते. लवंग तेलाचा बोळापण लहान पोराला नको, हिरडी भाजते. आणि सूज डोळ्याकडं किंवा गळ्याकडं सरकली, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वासाला त्रास झाला, तर सकाळ व्हायची वाट बघू नका, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलला जा.

१०) सहाव्या वर्षी गुपचूप येणारी दाढ

पहिली पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी येते आणि ती कुठलाही दात न पाडता दुधाच्या दाढांच्या मागं उगवते. दात पडलाच नाही म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते, मागं असल्यानं ब्रश पोचत नाही, आणि हीच दाढ लवकर किडते. ती आयुष्यभराची आहे. पूर्ण वर आली की डेंटिस्टला सीलंटबद्दल विचारा, खाचांत पातळ लेप भरतात, सुई नाही, दुखत नाही.

लेकीच्या चारही दाढांना आम्ही सातव्या वर्षी सीलंट करून घेतलं. खालच्या दोन दुधाच्या दाढांवर स्टीलच्या कॅप अजून आहेत, दहा-अकराव्या वर्षी दातासोबतच पडतील. धाकट्याची मागची हिरडी मी दर महिन्याला बोटानं चाचपून बघतो, अजून काही लागत नाही, बहुतेक पुढच्या आखाजीपर्यंत येईल.